तीन नंबरचा फीडर

१

त्या वर्षी रोज दुपारी तीन वाजता मी स्वतःच्या घरची लाइट स्वतःच्या हाताने घालवत असे.

१९५६ साल होतं. मी ग्वाल्हेरच्या पॉवरहाऊसमध्ये शिफ्ट इंजिनिअर होतो. यंत्रं संस्थानी काळातली, थकलेली. नव्या यंत्राची फाइल दोन वर्षं फिरत होती, आणि आता एक नोव्हेंबरला मध्यभारत राज्यच संपणार होतं. राजधानी भोपाळला जाणार, कुणाचं टेबल कुठे जाणार याचा पत्ता नाही. फाइल घेऊन गेलं की वरचे साहेब म्हणत, "अब नए राज में देखेंगे." तोवर दुपारचा भार पेलत नाही म्हणून आम्ही शहराचा एकेक भाग पंधरा-पंधरा मिनिटं बंद ठेवायचो. एकेका भागाला जाणाऱ्या तारेला आम्ही फीडर म्हणतो. तीन नंबरच्या फीडरवर टोपी बाजार आणि त्याच्या मागच्या गल्ल्या होत्या. त्यांची पाळी तीनची. मी हँडल खाली ओढायचो, आमचा स्विचबोर्डवाला सूर्याजी वहीत वेळ लिहायचा, सव्वातीनला मी हँडल वर करायचो.

त्याच मागच्या गल्लीत, अनसूयाबाईंच्या घरात, वरच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको शरयू राहत होतो. बाई खाली एकट्या राहत. वर यायला चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना होता.

शरयू इंदूरची. माहेरी ती हवाईयन गिटार शिकली होती. मांडीवर आडवी घेऊन, तारांवर लोखंडी कांडी सरकवत वाजवायची ती. गिटार विजेची, म्हणून तिला अँप्लिफायर लागे. तो आमच्या जगदेवरावांनी बनवून दिला होता. जगदेवरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बाजारात होतं. सागवानी खोका, पुढे हिरवं कापड, आत काचेचे चार व्हॉल्व्ह, बाहेर एक लाल दिवा. स्वयंपाकघर आवरलं की शरयू अडीच ते साडेतीन वाजवत बसायची. म्हणजे रोज तिच्या रियाझाच्या मध्येच मी लाइट घालवायचो. आम्ही दोघं यावर हसायचो.

सप्टेंबरच्या शेवटी एकदा जेवताना ती म्हणाली, "अहो, लाइट गेली तरी तो थोडा वेळ वाजतो."

"वाजणारच. कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते, व्हॉल्व्ह गरम असतात. चार-पाच सेकंद चालतो. चूल विझली तरी तवा तापलेला राहतो ना, तसं."

तिला ते पटलं. मलाही माझं उत्तर आवडलं.

२

चार दिवसांनी ती म्हणाली, "आज अकरा सेकंद."

"तू मोजतेस?"

"समोर घड्याळच आहे. परवा सात होते."

मी म्हटलं, थंडी पडायला लागली की विजेचा दाब बदलतो, कधी यंत्र हळूहळू उतरतं, त्याने फरक पडतो. हे सगळं अर्धवट खरं होतं. कंडेन्सर जुना झाला की वेळ कमी व्हायला हवा. वाढायला नको. पण मी ते बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात मी घरी आलो तेव्हा ती खिडकीशी बसली होती. चहा टाकला नव्हता.

"आज मी मुद्दाम थांबले," ती म्हणाली. "लाइट गेली तसा तारांवर तळवा ठेवला. गिटार अगदी गप्प. तरी खोक्यातून आवाज येत होता."

"कसला?"

"कुणीतरी चालत होतं."

"खाली अनसूयाबाई असतील."

"बाई झोपल्या होत्या. घोरणं ऐकू येत होतं." तिने माझ्याकडे पाहिलं. "टाच टेकते, मग थांबतं, मग दुसरा पाय. घाई नाही बिलकुल."

३

जुन्या व्हॉल्व्हला एक खोड लागते. आतली जाळी सैल झाली की तो कानासारखा वागतो. खोक्यावर टिचकी मारा, आवाज मोठा होऊन स्पीकरमधून येतो. जवळून कुणी चाललं तर पावलंही येतात. हे मी शरयूला खोक्यावर बोट आपटून दाखवलं. टक टक आवाज आला. ती हसली आणि चहा टाकायला उठली.

तरी मी तो खोका सायकलच्या कॅरिअरवर बांधून जगदेवरावांकडे नेला. म्हातारा गृहस्थ, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी पहिला व्हॉल्व्ह बदलला आणि साठलेली वीज लगेच निघून जावी म्हणून कंडेन्सरवर एक रोधक जोडून दिला.

"आता बत्ती गेली की दोन सेकंदांत मुका होईल," ते म्हणाले. "बघा." त्यांनी प्लग ओढला. आवाज तिथल्या तिथे मेला. तीन वेळा करून दाखवलं, तिन्ही वेळा तसंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शरयूने दार उघडलं आणि मी चपला काढायच्या आत म्हणाली, "चाळीस सेकंद. ते जिन्यावर आहेत."

मला तेव्हा 'चाळीस' हा आकडा खटकला. 'ते' हा शब्द मागाहून खटकला.

४

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सूर्याजीला सांगितलं, "तीनला तू हँडल ओढ. मी घरी आहे."

"तब्येत ठीक आहे ना, साहेब?"

"ठीक आहे."

दुपार लख्ख होती. खिडकीतून बाजाराचा गलबला येत होता. शरयू सतरंजीवर बसून एका भजनाची चाल वाजवत होती. मी खोक्याचं मागचं झाकण काढून समोर बसलो, म्हणजे व्हॉल्व्ह दिसतील. बरोबर तीनला पंखा मंदावला. लाल दिवा विझला. शरयूने तारांवर तळवा ठेवला.

व्हॉल्व्हमधली लाली कमी होत गेली, नाहीशी झाली. मी घड्याळावर नजर ठेवली. दोन सेकंद झाले, पाच झाले. मला वाटलं, झालं, संपलं.

मग हिरव्या कापडामागून एक लाकूड करकरलं.

आमच्या जिन्याची दुसरी पायरी करकरते. मी तो आवाज सात वर्षं ऐकलेला. थोड्या वेळाने वरच्या पायरीवर टाच टेकल्याचा आवाज. मग दुसरा पाय, तोही तिथेच. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, दम घेऊन, मग पुढची पायरी. मी उठून दार उघडलं. जिना रिकामा होता. खालच्या दारातून आलेल्या उन्हाचा पट्टा पहिल्या तीन पायऱ्यांवर पडला होता. त्यात धूळ तरंगत होती, ती हललीही नाही. माझ्या पाठीमागे, खोलीत, खोक्यातून पाय वाजत राहिला. मी समोर पायरी बघत होतो आणि तीच पायरी मागे वाजत होती.

अकराव्या पायरीवर आवाज थांबला. मिनिट संपायला आलं होतं.

"काल नऊ," शरयू म्हणाली.

लाइट आल्यावर मी प्रयोग केले. प्लग काढला, काहीच नाही. बटन बंद केलं, काहीच नाही. मीटरजवळचा फ्यूज ओढला, तरी काहीच नाही. फक्त पॉवरहाऊसमधून फीडर गेला तरच ते होत होतं. खोक्याला हा फरक कळणं शक्य नाही. वीज नाही म्हणजे नाही, ती कुठून तोडली हे त्याला कसं कळावं? हे मी शरयूला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला, आणि ती कांडी पुसत राहिली.

५

मी चारही व्हॉल्व्ह काढले, कापसात गुंडाळले आणि ऑफिसच्या खणात ठेवून कुलूप लावलं. व्हॉल्व्हशिवाय तो लाकडाचा खोका होता, दुसरं काही नाही.

दोन दिवसांनी तिने पान वाढता वाढता सांगितलं, "चौदा झाल्या. दाराशी आलेत."

"शरयू, त्यात व्हॉल्व्हच नाहीत."

"माहीत आहे. तरी आले."

त्यानंतर मी तीन नंबरला हात लावला नाही. त्याचा पंधरा मिनिटांचा वाटा स्टेशनजवळच्या पडाव भागाच्या फीडरवर टाकला. तिथली हॉटेलवाली मंडळी तक्रार घेऊन आली. सूर्याजीने सगळं पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी वही पुढे करत म्हणाला, "साहेब, तीन नंबरसमोर काय लिहू?"

"बंद केला असंच लिही."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. त्याचे वडील फौजेत होते. हुकूम आला की प्रश्न नाही, हे त्या घरचं वळण.

नव्या राज्यात माझी बदली जबलपूरला झाली होती. पंधरा नोव्हेंबरला निघायचं होतं. मी दिवस मोजत होतो. एवढे दिवस फीडर चालू ठेवला की आम्ही सुटलो. खोका इथेच सोडायचा, गिटारसुद्धा.

शरयूने काही विरोध केला नाही. पण ती बदलली. आधी घाबरायची ती आता रोज दुपारी तीनला सतरंजी झटकून बसायची, नीट वेणी घालून. मी घरी आलो की विचारायची, "आजही नाही घालवलीत?"

आठव्या दिवशी मी चिडलो. "तुला हवंय तरी काय?"

"ते आठ दिवस दारात उभे आहेत," ती हळूच म्हणाली. "म्हातारं माणूस, एवढा जिना चढून आलेलं. असं कुणाला दारात उभं ठेवतात का?"

"कोण म्हातारं माणूस? कोण आहे ते?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. "पण उभे आहेत."

त्या रात्री मी दाराकडे पाठ करून झोपू शकलो नाही.

६

एकतीस ऑक्टोबर. दिवाळीचे दिवस, त्यात मध्यरात्रीपासून नवं राज्य. सरकारी इमारतींवर दिव्यांच्या माळा लावायचा हुकूम आला होता. मी वर कळवलं होतं की यंत्रं हे ओझं घेणार नाहीत. उत्तर आलं नाही.

पावणेसहाला माळा लागल्या. भाराचा काटा चढत गेला. मी सूर्याजीला म्हटलं, "पडाव उतरव." तो हँडलपर्यंत पोचायच्या आत यंत्राचा सूर बदलला, जमिनीतून एक गचका बसला आणि सगळं एकदम शांत झालं. पॉवरहाऊसमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खिडकीतून पाहिलं तर सगळं शहर काळवंडलेलं.

माझी जागा तिथे होती. यंत्र पुन्हा चालू करणं हे माझं काम.

"सूर्याजी, तुला जमेल?"

"जमेल साहेब. पण तुम्ही कुठे..."

मी सायकल काढली होती.

७

अनसूयाबाई खालच्या दारात कंदील लावत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "बरं झालं आलात, भालचंद्रराव. पाहुणे आलेत वाटतं तुमच्याकडे. शरयू केव्हाची बोलून राहिलीय. मला काही जिन्यात पाय ऐकू आला नाही."

मी वर धावलो. दार उघडं होतं.

खिडकीतून मावळतीचा थोडा उजेड येत होता. शरयू सतरंजीवर बसली होती, मांडीवर गिटार. तिच्यासमोर पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र. खोक्याचं मागचं झाकण मी काढलं तसंच उघडं होतं, व्हॉल्व्हच्या चारही जागा रिकाम्या दिसत होत्या. आणि हिरव्या कापडातून श्वास ऐकू येत होता. जिना चढून आलेल्या माणसाचा श्वास असतो, तसा. हळूहळू तो शांत होत होता.

"हे बघा, आलेच हे," शरयू म्हणाली. पण माझ्याशी नव्हे. मग मला डोळ्यांनीच खुणावलं, बसा.

मी उभाच राहिलो. मला तिचे दोन्ही हात दिसत होते. ते तिच्या गुडघ्यांवर होते, बोटं एकमेकांत अडकवलेली.

गिटारची तार वाजली.

कांडी तारांवर होती आणि सरकत होती. ती एका हाताने धरली होती. मनगटापर्यंत तो हात मला दिसला, त्यापुढे अंधार होता. कातडी सैल पडलेली, नखं नीट कापलेली. दुसऱ्याचं वाद्य कुणी संकोचाने हाताळून पाहावं तसे त्याने तीन सूर काढले, आणि तिसऱ्या सुरावर तो किंचित थरथरला.

तेवढ्यात लाइट आली. सूर्याजीने यंत्र चालू केलं होतं.

खोलीत आम्ही दोघंच होतो. पंखा फिरायला लागला. कांडी तारांवर पडलेली. मी भिंतीला टेकलो आणि मला हसू यायला लागलं, आवरेना. दमणूक, जागरण, तिन्हीसांजेचा उजेड. माणसाला काहीही दिसतं.

"अहो," शरयू म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात भीती होती. "पदर सुटत नाही."

तिच्या साडीचा पदर शेजारी सतरंजीवर पसरला होता, आणि ताणला गेला होता. कुणी त्याच्यावर बसलं असावं तसा. मी ओढला. दोन्ही हातांनी ओढला. तो तसूभर हलला नाही. मी आतून कात्री आणली, तशी तिने माझं मनगट धरलं.

"नको. त्यांना राग येईल."

"शरयू, तिथे कुणी नाही."

"लाइट फार लवकर आली," ती म्हणाली. "उजेडात त्यांना उठता येत नाही. आता ते जाणार कसे?"

मी मीटरजवळ जाऊन फ्यूज ओढला. खोली अंधारली. समोरच्या घरांचे दिवे खिडकीतून दिसत होते. पदर तसाच ताणलेला. त्याचा उपयोग होणार नाही हे मला आधीच माहीत होतं. कुठून तोडलं की चालतं, तेही माहीत होतं.

"मी पंधरा मिनिटं फीडर बंद ठेवतो," मी म्हटलं. "ते उठले की दार लावून घे. कडी घाल. ऐकतेयस ना?"

तिने मान हलवली.

८

सूर्याजी घामाने निथळत होता, पण चेहऱ्यावर आनंद होता. एकट्याने यंत्र उभं केलं होतं त्याने. मी सरळ स्विचबोर्डकडे गेलो आणि तीन नंबरचं हँडल धरलं.

"साहेब, लोकांची लाइट आत्ता आलीय. काय करता?"

माझा हात क्षणभर थांबला. तिथे, त्या दिव्यांत, यंत्राच्या घरघरीत, सगळं खुळेपणाचं वाटत होतं. पदर खिळ्यात अडकला असेल. सतरंजीखाली खिळा असेल. मी नीट पाहिलं होतं का? नव्हतं पाहिलं. पण मला तो हात आठवला.

मी हँडल खाली ओढलं.

सूर्याजीने वही उघडली आणि न विचारता वेळ लिहिली. सहा पंचवीस. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत उभे राहिलो. पंधरा मिनिटं झाली. म्हाताऱ्या माणसाला उतरायला वेळ लागतो, एकेका पायरीवर दोन्ही पाय. मी अजून पाच मिनिटं दिली. मग हँडल वर केलं, आणि सायकलवर बसलो.

गल्लीत सगळीकडे दिवे होते. आमच्या खिडकीत मात्र अंधार. फ्यूज मीच काढून ठेवलेला. अनसूयाबाई अजून दारातच होत्या, हातात कंदील. मला बघून त्या दचकल्या.

"तुम्ही इथे? मग शरयूबरोबर कोण गेलं?"

मी वरच्या अंधाऱ्या खिडकीकडे पाहिलं.

"आत्ता, लाइट नव्हती तेव्हा," त्या म्हणाल्या. "जिन्यातून उतरली. पावलं एकटीचीच वाजली, पण हात असा बाजूला धरलेला. वडीलधाऱ्या माणसाला उतरवतो ना आपण, कोपराला धरून, एकेक पायरी, तशी. पलीकडे अंधार होता, मला दिसलं नाही. मी म्हटलं, तुम्हीच असाल, पाय मुरगळला असेल. विचारलं, कुठे गं एवढ्या अंधारात? तर म्हणाली, 'कोपऱ्यापर्यंत. यांना पोचवून येते.'"

मी कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे मिठाईच्या दुकानासमोर गर्दी होती, सगळ्यांचे चेहरे उजेडात होते. मी प्रत्येकाला विचारलं. वीस मिनिटं अंधार होता, त्यांनी सांगितलं, आम्ही गल्ल्यावर हात ठेवून बसलो होतो, कोण आलं कोण गेलं कुणाला दिसणार?

वर खोलीत सतरंजी नीट घडी करून ठेवली होती. फुलपात्र रिकामं होतं.

पोलिसांनी विहिरी पाहिल्या, स्टेशन पाहिलं. इंदूरहून तिचे भाऊ आले, महिनाभर राहिले, आणि जाताना माझ्याशी बोलले नाहीत. जबलपूरला मी गेलो नाही.

नव्या राज्यातलं माझ्या नावाचं पहिलं सरकारी पत्र डिसेंबरात आलं. एकतीस ऑक्टोबरला वीजपुरवठा सुरळीत झाल्यानंतर तीन नंबरचा फीडर वीस मिनिटं कोणाच्या हुकमाने बंद ठेवण्यात आला, याचा खुलासा मागितला होता. उत्तरासाठी खाली चार ओळींची जागा सोडली होती. मी ते पत्र तीन दिवस समोर ठेवून बसलो. मग एकच शब्द लिहिला, 'माझ्या', आणि खाली सही केली.